गंधकुटी आणि गाभारा

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील यादवकालीन मंदिरे पाहावयास आम्ही विद्यार्थ्यांना नेतो, तेव्हा त्यांच्या वहीत स्तंभ, द्वारशाखा, शिल्पपट अशा नोंदी होतात. वास सहसा कोणी टिपत नाही. दोष त्यांचा नाही. वास्तूचा इतिहास डोळ्यांनीच वाचायचा, हे आम्हीच त्यांना शिकवले.

वस्तुतः गाभाऱ्याची घडण नाकाशीही बोलते. जाड दगडी भिंती, खिडकी नाही, दार एकच, पुढे अरुंद अंतराळ. तेथे जाळलेल्या धुपाला लगेच वाट मिळत नाही. तो मूर्तीपाशी रेंगाळतो आणि सावकाश मंडपात उतरतो. अंधारात देव दिसण्याआधी त्याचे सान्निध्य भक्ताला वासाने कळत असले पाहिजे. हा आमचा तर्क. पण त्याला बळ देणारा एक शब्द मराठवाड्यातच कोरलेला आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील पाचव्या शतकाच्या शिलालेखात ‘गंधकुटी’ येते. ती म्हणजे १९ क्रमांकाचे चैत्यगृह, असे अनेक अभ्यासक मानतात. जेतवनातील बुद्धाच्या निवासाचे हे नाव. वास्तूची ओळख येथे दगडावरून वा आकारावरून नव्हे, गंधावरून ठरली.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (इ.स. ११२९च्या सुमारास) आपण मराठी वाङ्मयेतिहासात शिकवतो, तो त्यात आलेल्या मोजक्या मराठी ओळींसाठी. तेवढे झाले की ग्रंथ मिटतो. पण त्याच्या तिसऱ्या विंशतीत राजाचे वीस उपभोग सांगितले आहेत. आरंभी गृह, पुढे विलेपन, वस्त्र, आसन, शय्या आणि शेवटाकडे धूप. चूर्ण, गोळी आणि वात असे धुपाचे प्रकारही तेथे दिले आहेत. घर बांधणे आणि घर सुगंधित करणे ही सोमेश्वराला एकाच यादीतील कामे वाटली. त्यांचे वेगवेगळे विभाग आम्ही पाडले.

मराठीच्या अध्यापकांना तर याहून जवळचा पुरावा उपलब्ध आहे. ‘गंधवाद’ या सुगंधविषयक संस्कृत ग्रंथावर जुन्या मराठीत टीका आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी तिची चिकित्सा केली आणि १९८९मध्ये बडोद्याहून गंगाधराच्या ‘गंधसारा’सह ती छापली गेली. संतवाणी व बखरी यांच्यापलीकडे जुन्या मराठीत अत्तराचे शास्त्रही लिहिले गेले, हे आमच्या किती वर्गांत सांगितले जाते? आमच्या वर्गात तरी परवापरवापर्यंत नव्हते.

चारठाण्याच्या गेल्या फेरीत एक विद्यार्थिनी गाभाऱ्यातून नाकाशी ओढणी धरून बाहेर आली. ‘कापूर, करपलेले तेल, वटवाघळे’ एवढेच तिने वहीत लिहिले. ती नोंद आम्ही खोडली नाही.