आकृतींचे नाते

प्रथिने म्हटली म्हणजे बार्शीकरांस भुसार पेठेतील तूर आणि हरभरा आठवावा, हे साहजिकच आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते प्रथिनांच्या आकृतीविषयी. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी 20 जातींचे. ही माळ गुंडाळली जाऊन ठराविक आकार धारण करते आणि त्या आकारावर तिचे कार्य बव्हंशी अवलंबून असते.

हे आकार क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथम उलगडले ते केंब्रिज येथे. केंड्र्यू यांनी 1958 साली देवमाशाच्या स्नायूंतील मायोग्लोबिनचा, तर पेरुट्झ यांनी 1960 साली घोड्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा ढोबळ आराखडा प्रसिद्ध केला. हिमोग्लोबिनच्या चार घटकांपैकी प्रत्येक घटक मायोग्लोबिनसारखाच निघाला! ही तुलना नुसत्या डोळ्यांनी झाली. माळेतील बहुतेक मणी निराळे असूनही आकार टिकला होता. दोघांचे कूळ एकच, हे त्यावरून उमगले. दूरचे नाते मण्यांपेक्षा आकारात अधिक काळ टिकते, हा त्यातील धडा होय.

1971 साली अमेरिकेत प्रथिनांच्या आकृतींची पेढी, म्हणजे प्रोटीन डेटा बँक, निघाली तेव्हा तीत अवघ्या 7 आकृती होत्या. संख्या वाढली तसे डोळ्यांचे काम गणकयंत्राकडे गेले. एक आकृती कशी फिरवून दुसरीवर ठेवली असता सर्वांत चांगली बसेल, हे काढण्याची रीत काब्श यांनी 1976 साली दिली. पण कोणता मणी कोणाच्या जोडीचा, हे तीत आधी ठाऊक असावे लागे.

ही अडचण होल्म व झांडर यांच्या 1993 च्या ‘डाली’ पद्धतीने दूर केली. तिची युक्ती समजावयास आपली जुनी बार्शी लाइट रेल्वे पुरे. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर यांची परस्परांतील अंतरे कोष्टकात मांडली, तर नकाशा कसाही फिरवा, कोष्टक बदलत नाही. मण्यांची अशीच कोष्टके करून ती ताडून पाहावयाची.

तथापि बहुतेक पद्धती माळेचा क्रम धरून चालत. गाडी गावांना निराळ्या क्रमाने गेली म्हणून गावांची जागा थोडीच बदलते? क्रम बाजूस ठेवून जवळजवळच्या मण्यांचे लहान पुंजके जुळविणारी ‘क्लिक’ पद्धत न्गुयेन व मधुसूदन यांनी 2011 साली मांडली. हेच मधुसूदन पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आले. 2022 साली गणकयंत्राने भाकित केलेल्या आकृतींची संख्या 20 कोटींवर गेल्यावर अशा पद्धतींवाचून गत्यंतर उरले नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. विदर्भातील आणि नंदुरबारकडील अनेक कुटुंबांना सिकलसेल ठाऊक आहे. त्या हिमोग्लोबिनच्या 146 मण्यांच्या एका माळेत केवळ सहावा मणी बदललेला असतो; इंग्रॅम यांनी 1957 साली ते दाखविले. आकृती जवळजवळ तीच. तरी प्राणवायू सोडल्यावर तिचे रेणू एकमेकांस चिकटतात, रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. आकृत्या किती जुळल्या, हे यंत्र सांगेल. जो एक मणी जुळला नाही तो कोणाच्या जिवावर बेततो, हे आपणच विचारावयाचे आहे.