मेचीपलीकडची पेठ

परदेशगमनाचा योग माझ्या पत्रिकेत आहे की नाही, हे कोणी कधी पाहिले नव्हते. तरीही १९८३ च्या मे महिन्यात एके दिवशी मी सकाळी नऊच्या सुमारास परदेशी गेलो आणि चहाच्या वेळेपूर्वी स्वदेशी परतलो. ना पारपत्र, ना आगबोट, ना विमान. सिलिगुडीहून निघालेल्या यात्रेच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून, डब्यातली चकली खात खात मी सीमोल्लंघन केले.

दार्जिलिंगची सहल म्हणजे हिमालय, असा माझा समज होता. आमच्या आळीतल्या अनुभवी मंडळींचे मत निराळे होते. "टायगर हिलवर ढग असले तर काही दिसत नाही, पण धुलाबारी चुकवू नका," असे त्यांनी आईला बजावून सांगितले होते. धुलाबारी हे नेपाळच्या झापा जिल्ह्यातले बाजाराचे गाव. तिथे म्हणे जपानी रेकॉर्डर, जपानी साड्या, तीन घड्यांच्या छत्र्या, चिनी थर्मास आणि हीरो पेने ढिगांनी मिळत. त्या काळात दार्जिलिंगला गेलेल्या मराठी माणसाच्या घरी कांचनगंगेचा फोटो असो वा नसो, धुलाबारीची छत्री हमखास असे.

बागडोगरा मागे पडले, मग नक्षलबारी आली. १९६७ साली ज्या नावाने सारा देश दचकला, ते गाव खिडकीतून भाताची खाचरे आणि सायकली दाखवीत निघून गेले. पुढे पाणीटंकी नावाचे आपले शेवटचे ठाणे, आणि त्यानंतर मेची नदीवरचा पूल. मे महिन्यात मेची म्हणजे गोट्यांच्या विस्तीर्ण पात्रातून वाहणारा एक पाण्याचा पट्टा. पुलाखालून काही बायका लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून खुशाल पलीकडे चालल्या होत्या. दोन राष्ट्रांची सीमा म्हणजे काटेरी तार आणि बंदुका, अशी माझी शाळकरी कल्पना होती. तिची त्या पाण्यात पार निराशा झाली.

ही एवढीशी नदी सीमा झाली कशी, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले, आणि त्या गोष्टीचा धागा थेट आपल्या पुण्याशी येऊन भिडला तेव्हा मजा वाटली. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रजांचे आणि गुरख्यांचे युद्ध झाले. त्या वेळचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड मॉयरा. हाच पुढे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला. (आपल्या नाना फडणिसांच्या वेळचा वॉरन हेस्टिंग्ज तो निराळा.) २ डिसेंबर १८१५ रोजी सुगौली येथे तह लिहिला गेला आणि ४ मार्च १८१६ रोजी तो पक्का झाला. त्या तहाने मेचीच्या पूर्वेचा मुलूख नेपाळच्या हातून गेला. तो इंग्रजांनी १० फेब्रुवारी १८१७ च्या तितालियाच्या तहाने सिक्कीमला देऊन टाकला. उत्तरेकडची ही चिंता मिटली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. नेपाळच्या दरबाराने त्या युद्धात शिंद्यांसारख्या सत्तांकडे मदतीसाठी डोळे लावले होते. ती मदत काही गेली नाही. गुरख्यांना नमवणारा डेव्हिड ऑक्टरलोनी पुढच्याच वर्षी राजपुतान्याच्या बाजूने पेंढाऱ्यांविरुद्ध फौज घेऊन उभा होता. मेचीची रेघ ओढणारा आणि पेशवाई बुडवणारा हात एकच होता, असे म्हणायला हरकत नाही.

पण रेघ ओढली म्हणून लगेच बाजार वसत नाही. झापा म्हणजे तेव्हा तराईचे घनदाट जंगल. तिथल्या हिवतापाला नेपाळी लोक 'औलो' म्हणत, आणि पहाडातला माणूस उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथे रात्र काढायला भिई. १९५८ पासून नेपाळात हिवताप-निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, डी.डी.टी.च्या फवाऱ्यांनी डास हटले, आणि पहाडातली कुटुंबे खाली उतरून जंगल तोडून शेती करू लागली. १९६१ साली राजे महेंद्र यांनी पूर्व-पश्चिम महामार्गाची कोनशिला बसवली. त्याचे पूर्वेकडचे टोक मेचीच्या काठी काकरभिट्ट्याला आहे, आणि त्या बाजूचा मोठा भाग भारताच्या मदतीने बांधला गेला. म्हणजे आमची बस ज्या डांबरी रस्त्याने परदेशी मालाच्या खरेदीला धावत होती, तो रस्ता आपणच बांधून दिलेला!

वस्ती झाली, रस्ता झाला. राहिला माल. त्याची हकिकत कायद्याच्या पुस्तकात आहे. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्रीचा आणि व्यापाराचा असे दोन करार झाले. व्यापाराच्या करारात एक कलम होते, की बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मालावर नेपाळने भारतापेक्षा कमी जकात बसवू नये. हे कलम असेपर्यंत धुलाबारीची पेठ होणे शक्यच नव्हते. दोन्ही तीरांवर भाव सारखाच, तर पूल ओलांडील कोण? १९६० च्या सप्टेंबरात नवा करार झाला, त्यात ही अट उरली नाही, आणि नेपाळला स्वतःचे धोरण ठरवण्याची मोकळीक मिळाली. इकडे आपल्याकडे मात्र १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, आणि चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ बंद झाली होती. एका तीरावर दार उघडले, दुसऱ्या तीरावर कडी लागली. पेठेचा मुहूर्त झाला तो असा.

नेपाळनेही युक्त्या योजल्या. ताग वगैरे माल परदेशी विकणाऱ्या व्यापाऱ्याला मिळालेल्या चलनातला मोठा हिस्सा वापरून हवा तो माल मागवण्याची सवलत होती. बाहेरून स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणायचा, नेपाळात त्याची भांडी ठोकायची, आणि 'नेपाळी माल' म्हणून ती भारतात धाडायची. तीच गत कृत्रिम धाग्याच्या कापडाची. साठीच्या दशकाच्या अखेरीस या भांड्यांवरून आणि कापडावरून दोन्ही सरकारांत चांगलीच जुंपली. जुनी पातळे देऊन बोहारणीकडून स्टीलचा डबा घेण्याचा तोच काळ. त्या डब्यांतले काही हिमालयाच्या पायथ्याचे पाणी पिऊन आले असतील, हा विचार आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "डबा चांगला असला म्हणजे झाले."

धुलाबारीत बस थांबली आणि आमच्या बसमधल्या शांत, सुसंस्कृत मंडळींच्या अंगात वारे संचारले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने, प्रत्येक दुकानदार भाव सांगण्याआधी विचारी, "आय.सी. की एन.सी.?" म्हणजे भारतीय चलन की नेपाळी. त्या वेळी आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी १४५ होत, पण दुकानदार आमचीच नोट आनंदाने घेत. बँकेतल्या एका काकांनी सात छत्र्या घेतल्या. एका वकीलसाहेबांनी दोन घड्याळे घेऊन दोन्ही मनगटांवर बांधली. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात घड्याळे आणि सोने यांबाबत उलटे कलम आहे. तो माल चोरटा आहे असे सरकारने सिद्ध करायचे नसते. तो चोरटा नाही, असे बाळगणाऱ्यानेच सिद्ध करायचे असते. वकीलसाहेबांना हे ठाऊक असणारच. त्यांनी बाह्या खाली ओढल्या, एवढेच.

माझा जीव एका टेपरेकॉर्डरवर जडला होता. रेडिओ आणि टेप एकत्र, त्याला टू-इन-वन म्हणत. दहावीची परीक्षा दिलेली, आणि निकाल चांगला लागणार या भरवशावर दादांनी तो घेतलाही. पण घेताना त्यांनी दुकानदाराकडे पावती मागितली. दुकानदार हसला. धुलाबारीत पावती मागणारे गिऱ्हाईक त्याने बहुधा प्रथमच पाहिले असावे. दादा आमच्या गावच्या नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. पावतीवाचून माल ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसतच नसे.

परतताना पाणीटंकीच्या ठाण्यावर बस थांबली. एक अधिकारी वर चढला. सामान नेहमीचेच, नेपाळी लोकरीचे वगैरे, असे यात्रेच्या व्यवस्थापकाने परस्पर सांगून टाकले. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि तो वळला. तेवढ्यात दादा उठून उभे राहिले. "आमच्याकडे एक जपानी रेकॉर्डर आहे. जकात किती होते?"

बसमध्ये जी शांतता पसरली ती मला आजही ऐकू येते. त्या अधिकाऱ्याचा चेहरासुद्धा पाहण्यासारखा झाला. सांगितले नसते तर बरे झाले असते, असेच त्याला वाटत असावे. दादांच्या हिशेबी जकात म्हणजे शेकडा दोन-चार. आकडा आला तो रेकॉर्डरच्या किमतीहून मोठा. तेवढे पैसे आमच्याजवळ नव्हते, आणि असते तरी दिले असते असे नाही. रेकॉर्डर ठाण्यात राहिला, दादांना एक कागद मिळाला, आणि बसमधल्या पिशव्या पुन्हा एकदा तपासल्या जातील या भीतीने सगळी मंडळी आमच्याकडे अशी पाहू लागली, की जणू चोरी आम्हीच केली होती. पिशव्या काही तपासल्या नाहीत.

मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. बाहेर, ठाण्याच्या ओट्यापाशी, सकाळी नदीतून चालत जाणाऱ्या बायकांसारख्याच दोघी बसल्या होत्या. अंगावर एकावर एक गुंडाळलेले कापड शिपाई सोडवून घेत होता आणि त्याचा ढीग वाढत होता. तो माल त्यांचा नव्हताच. कुणा व्यापाऱ्याचा असणार, आणि यांना फेरीमागे मजुरी मिळत असणार. आमच्या बसमध्ये त्याच्या कितीतरी पट माल होता, पण आम्ही प्रवासी होतो. त्या दोघींपैकी एकीने आमच्या बसकडे पाहिले. त्या वयात मला तिची नव्हे, माझ्या रेकॉर्डरची हळहळ वाटत होती, हे कबूल केले पाहिजे.

पुढे मी या प्रकरणाची कागदपत्रे वाचू लागलो तेव्हा सर्वांत गमतीची वाटली ती मालाची वाट. नेपाळला समुद्र नाही. जपानी रेकॉर्डर आधी कलकत्त्याच्या बंदरात उतरे. तिथून मोहोरबंद होऊन भारताच्या भूमीवरूनच नेपाळात जाई. आणि प्रवाशाच्या पिशवीत बसून पुन्हा भारतात येई. हा सगळा वळसा केवळ एका कागदासाठी. त्या वळशावर हमाल, मालमोटारवाले, दुकानदार, यात्रा कंपन्या आणि शिपाई असे एक गावच्या गाव जगत होते.

ते गाव किती नाजूक खांबावर उभे होते, हे लवकरच दिसले. २३ मार्च १९८९ रोजी करार संपले, आणि दोन सोडून बाकीचे व्यापारी नाके भारताने बंद केले. ती कोंडी १९९० च्या जुलैपर्यंत टिकली. नेपाळात रॉकेलसाठी रांगा लागल्या. त्यातून पेठ सावरते न सावरते तोच १९९१ ची जुलै आली आणि आपल्याकडे अर्थनीतीच बदलली. १९९०-९१ मध्ये आपल्या जकातीचा सर्वांत वरचा दर ३५५ टक्के होता. तो वर्षागणिक उतरत गेला. १ एप्रिल २००१ पासून परदेशी वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनेही उठली. तीन घड्यांची छत्री पुण्याच्या तुळशीबागेत आणि मुंबईच्या पदपथावर मिळू लागली. मग नेपाळपर्यंत जायचे कशाला? धुलाबारीला कोणी बुडवले नाही. दिल्लीत आकडे बदलले, आणि बसगाड्या यायच्या थांबल्या.

दादांचा जकात नाकाही टिकला नाही. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, आणि मुंबईची सर्वांत शेवटी, १ जुलै २०१७ रोजी. नाका उठल्याचे दादांना वाईट वाटले का, असे मी एकदा विचारले. "रांगेतल्या ट्रकवाल्यांना विचार," एवढेच ते म्हणाले.

मेचीवर आता प्रवाह उलटा वाहतो. झापातली माणसे किराणा आणि कापड घ्यायला या तीरावर येतात, कारण आता माल इकडे स्वस्त. शंभर नेपाळी रुपयांवरच्या खरेदीला जकात, म्हणजे त्यांच्या भाषेत 'भन्सार', भरावी लागते. २०२३ मध्ये हा नियम कडकपणे लावला तेव्हा सीमेवरच्या लोकांनी आरडाओरडा केला. वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्रात पुलाच्या टोकाशी एक शिपाई कुणा बाईच्या पिशवीत हात घालून पाहताना दिसला. पिशवीत तांदूळ आणि साखर होती.

दादांना मिळालेला तो कागद आईने देवघराच्या फळीवर, वीजबिलांच्या तारेत अडकवून ठेवला होता. बँकेतल्या काकांच्या छत्र्या दोन पावसाळ्यांत मोडल्या, वकीलसाहेबांचे एक घड्याळ महिन्याभरात बंद पडले असे कानावर आले. मला रेकॉर्डर मिळाला तो दोन वर्षांनी, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, देशी बनावटीचा. दादांनी दुकानात पैसे मोजले, आणि पावती घेताना माझ्याकडे न पाहता हलकेच हसले.