रूळ कोणाचे, देखभाल कोणाची? ब्रिटनमध्ये ‘रेलट्रॅक’ जाऊन ‘नेटवर्क रेल’ का आली?

१७ ऑक्टोबर २०००. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून लीड्सकडे निघालेल्या एक्स्प्रेसला जेमतेम पाव तास झाला होता. हॅटफिल्डजवळ गाडी ताशी १८५ किलोमीटर वेगात असताना तिच्याखालचा रूळ फुटला. त्याचे तीनशेहून जास्त तुकडे झाले. डबे घसरले, चार जणांचा मृत्यू झाला आणि सत्तरहून अधिक जखमी झाले.

ब्रिटनमधला हा सर्वांत भीषण रेल्वे अपघात नव्हता. वर्षभर आधीच लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या अपघातात ३१ जणांचा जीव गेला होता. पण हॅटफिल्डनंतर दोन वर्षांच्या आत देशातल्या रुळांचा मालक बदलला. हे कसं घडलं?

रेलट्रॅक ही काय कंपनी होती?

१९४८ पासून ब्रिटनची रेल्वे सरकारी होती. १९९३ च्या कायद्याने तिचं खासगीकरण झालं आणि ‘ब्रिटिश रेल’चे शंभराच्या आसपास तुकडे पडले. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, डबे-इंजिनं भाड्याने देणाऱ्या वेगळ्या, रुळांची डागडुजी करणाऱ्या वेगळ्या.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधले रूळ, सिग्नल, पूल, बोगदे आणि बहुतेक स्थानकं एप्रिल १९९४ मध्ये ‘रेलट्रॅक’कडे गेली. मे १९९६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. एका शेअरची किंमत होती ३.९० पौंड. १९९८ च्या अखेरीस तो साडेसतरा पौंडांच्या वर गेला होता. कागदावर सगळं झकास चाललं होतं.

मग बिघडलं कुठे?

रूळ रेलट्रॅकचे होते, पण त्यांची देखभाल कंत्राटदारांकडे होती. आपल्या ताब्यातल्या मालमत्तेची नेमकी अवस्था काय आहे, याची पूर्ण आणि अद्ययावत नोंदच कंपनीकडे नव्हती. ब्रिटिश रेलच्या काळातले अनेक अनुभवी अभियंतेही पांगले होते.

हॅटफिल्डमध्ये हीच फट उघडी पडली. चाकांच्या सततच्या दाबाने रुळाच्या आतल्या कडेला बारीक तडे जातात. त्याला ‘गेज कॉर्नर क्रॅकिंग’ म्हणतात. तिथले तडे आधीच लक्षात आले होते. बदलायला नवे रूळही उपलब्ध होते. पण ते बसवले गेले नाहीत आणि गाड्यांचा वेगही कमी केला गेला नाही.

अपघातानंतर मात्र असे तडे आणखी कुठे असतील, याची कंपनीला खात्री देता येईना. परिणामी देशभर हजाराहून जास्त ठिकाणी वेगमर्यादा लागू झाल्या. कित्येक महिने गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं. बैल गेला आणि झोपा केला, तसा हा प्रकार होता.

कंपनी बुडाली कशी?

रूळ बदलण्याचा खर्च आणि गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांना द्यावी लागलेली भरपाई, यांचा बोजा ७३ कोटी पौंडांवर गेला. त्या वर्षी रेलट्रॅकला ५३.४ कोटी पौंडांचा तोटा झाला. लंडन ते ग्लासगो या वेस्ट कोस्ट मार्गाच्या आधुनिकीकरणाचा खर्चही हाताबाहेर गेला होता.

कंपनीने सरकारकडे मदत मागितली. पण त्याच सुमारास, मे २००१ मध्ये, भागधारकांना १३.७ कोटी पौंडांचा लाभांशही जाहीर केला. त्यावरून टीकेची झोड उठली. अखेर ७ ऑक्टोबर २००१ रोजी वाहतूकमंत्री स्टीफन बायर्स यांच्या अर्जावरून न्यायालयाने कंपनी प्रशासकांच्या ताब्यात दिली.

नवा मालक कोण?

ऑक्टोबर २००२ मध्ये ‘नेटवर्क रेल’ने रेलट्रॅकचा कारभार ५० कोटी पौंडांना घेतला. या नव्या कंपनीला भागधारकच नव्हते. नफा झालाच तर तो लाभांश म्हणून न वाटता रेल्वेतच घालायचा, अशी तिची रचना होती. कर्जाला सरकारची हमी होती, तरी सुरुवातीला हिशेबात ती खासगीच धरली गेली. २०१४ मध्ये तिची अधिकृत नोंद सार्वजनिक क्षेत्रात झाली आणि सुमारे ३४ अब्ज पौंडांचं कर्ज सरकारी खात्यावर चढलं.

गुंतवणूकदारांचं काय झालं?

व्यवहार थांबले तेव्हा शेअर २.८० पौंडांवर होता. भागधारकांना शेवटी प्रत्येक शेअरमागे अडीच पौंडांच्या आसपास मिळाले. शिखरावर असताना पैसे घातलेल्यांचं मोठं नुकसान झालं. हजारो छोटे भागधारक सरकारविरुद्ध न्यायालयात गेले, पण २००५ मध्ये खटला हरले.

मालक बदलल्याने रेल्वे सुरक्षित झाली का?

सर्वांत मोठा बदल देखभालीत झाला. मे २००२ मध्ये पॉटर्स बारला सदोष सांध्यामुळे गाडी घसरून सात जण दगावले. तिथली देखभालही कंत्राटदाराकडेच होती. त्यानंतर २००४ पर्यंत नेटवर्क रेलने देखभालीचं काम स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे घेतलं.

तरीही २००७ मध्ये ग्रेरिगला पुन्हा सदोष सांध्यामुळेच अपघात झाला आणि एका महिला प्रवाशाचा जीव गेला. आता देखभाल कंपनीचीच होती. त्यासाठी नेटवर्क रेलला ४० लाख पौंडांचा दंड झाला. म्हणजे मालकीहक्क बदलला म्हणून रुळांची तपासणी आपोआप नीट होत नाही. पण चूक कोणाची, याचं उत्तर शोधायला आता दहा दारं ठोठवावी लागत नाहीत.

आता पुढे काय?

गाड्या चालवण्याचं काम पुन्हा सरकारकडे आणणारा कायदा २०२४ मध्ये झाला. त्यानुसार मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारी ताब्यात आली. ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’ या एकाच संस्थेखाली रूळ आणि गाड्या एकत्र आणायच्या आणि नेटवर्क रेलही त्यातच विलीन करायची, अशी सरकारची योजना आहे. १९९४ मध्ये रूळ आणि गाड्या यांची जी फारकत झाली, ती मिटवण्याचा हा प्रयत्न आहे.