कंधार नेमके कुठे आहे?

प्रश्न अगदी सोपा वाटतो. नकाशात बोट ठेवून कोणताही विद्यार्थी सांगेल : कंधार नांदेड जिल्ह्यात, मन्याड नदीच्या काठी. जिल्हा नांदेड, विभाग मराठवाडा, राज्य महाराष्ट्र. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. पण कंधारच्या एखाद्या मुलीची कागदपत्रे एकत्र ठेवून पाहू या. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर लातूर विभागीय मंडळाचे नाव असते. पदवी मिळते ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. वडिलांचे जमिनीचे प्रकरण नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून पुढे गेले, तर ते छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे जाते. लोकसभेसाठी ती मत देते लातूर मतदारसंघात, कारण २००८ च्या पुनर्रचनेत कंधार शहर ज्या लोहा विधानसभा मतदारसंघात आहे, तो लातूरला जोडला गेला. नांदेडला जाऊन तिने रेल्वे पकडली, तर त्या रेल्वे क्षेत्राचे (झोनचे) मुख्यालय सिकंदराबादला आहे.

या पाच रेषा पाच वेगळ्या वेळी, पाच वेगळ्या कामांसाठी आखल्या गेल्या. त्या एकमेकींवर बसत नाहीत आणि बसण्याचे कारणही नाही. लातूर मंडळात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे जिल्हे येतात. नांदेड विद्यापीठात धाराशिव नाही, पण परभणी आणि हिंगोली आहेत. प्रशासकीय विभाग म्हणजे काय, हे वर्गात सांगताना आपण बहुधा एकच नकाशा टांगतो. खरे तर असे अनेक नकाशे एकावर एक ठेवलेले असतात.

मग आपण म्हणतो की सरकारी विभाग काहीही असोत, परंपरेने कंधार मराठवाड्यातले. येथे जरा थांबायला हवे. परंपरेने म्हणजे कधीपासून?

राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (दहावे शतक) 'कंधारपुरवराधीश्वर' ही पदवी लावत असे. त्याच्या घराण्याची आणखी एक पदवी 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लातूरचा स्वामी. कंधारचा मोठा तलाव आजही जगत्तुंग समुद्र या राष्ट्रकूटी नावाने ओळखला जातो. या राजांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड. त्यांच्याच दरबारात नवव्या शतकात तयार झालेल्या 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरल्याचे म्हटले आहे. कंधार गोदावरीच्या दक्षिणेला येते. त्या हिशेबाने कंधार कन्नड देशात होते.

आता सातशे वर्षे पुढे येऊ. कंधारचा किल्ला निजामशाहीकडून मोगलांनी १६३१ मध्ये घेतला. १६३६ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला, तेव्हा मोगलांच्या दख्खनचे चार सुभे होते. त्यांतल्या एकाचे नाव तेलंगण, त्याचे मुख्य ठाणे नांदेड आणि त्याचा किल्ला कंधार. होय, तेलंगण! बादशाही दफ्तरात कंधारचा किल्ला ज्या नावाखाली होता, ते आज शेजारच्या राज्याचे नाव आहे. १६५७ मध्ये बीदर जिंकल्यावर हे सुभ्याचे नावही मागे पडले आणि बीदरचा सुभा आला.

म्हणजे कधी कन्नड देश, कधी तेलंगण, कधी बीदर. त्या काळी कंधारात मराठी नव्हती असे मात्र कोणी समजू नये. राजाचा देश, कवीचा देश आणि दफ्तरातला सुभा या तिन्ही गोष्टी बाजारात कोणती भाषा चालते यावर ठरत नसत. सीमेवरच्या मुलखात दोन-तीन भाषा एकत्र नांदतात. देगलूरच्या बाजारात आजही याचा अनुभव घेता येतो.

'मराठवाडा' या नावाचे काय? आमच्या मते येथे खरी गंमत आहे. ज्याला आपण पारंपरिक प्रदेश म्हणतो, त्याची हद्द एका सरकारी रेषेने कापून दिलेली आहे. वऱ्हाड एकेकाळी निजामाच्याच राज्यात होते. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभारात गेले आणि बुलढाणा-जालना यांच्यामध्ये रेषा पडली. पश्चिमेला गोदावरीच्या एका काठावर इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा, तर दुसऱ्या काठावर निजामाचा औरंगाबाद. दोन्ही काठांचे लोक मात्र आपल्या मुलखाला गंगाथडीच म्हणत. निजामाच्या राज्यात जो मराठी भाषक भाग उरला, तो मराठवाडा. त्याच राज्याचे दुसरे दोन भाग म्हणजे तेलंगण आणि कर्नाटक. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पण त्याच्या आतली ही नावे टिकली. ती लोकांची झाली, त्यांच्या नावाने आंदोलने झाली, विद्यापीठे झाली.

भाषावार प्रांतरचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या वेळी रेषा किती बारकाईने ओढली गेली, ते राज्य पुनर्रचना कायद्यात पाहण्यासारखे आहे. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे वगळून. ती आज तेलंगणात आहेत. उलट बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके आणि आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके इकडे आले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यात गेला. म्हणजे निजामाच्या राज्यातून आलेला राजुरा आज विदर्भात मोजला जातो आणि बीदरचे उदगीर मराठवाड्यात.

कंधारच्या शेजारच्या अहमदपुरात १९५० साली जन्मलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. घर न बदलता त्याचा जिल्हा बीदर, मग उस्मानाबाद आणि १९८२ पासून लातूर झाला. राज्येही तीन झाली : हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र. कंधारचा जिल्हा तेवढा बदलला नाही, पण १९९९ मध्ये तालुक्यातून लोहा वेगळा काढला गेला. मराठवाड्याचे १९५६ चे पाच जिल्हे जालना (१९८१), लातूर (१९८२) आणि हिंगोली (१९९९) धरून आठ झाले.

असा झगडा इतरत्रही आहे. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ नवे जिल्हे केले. जुन्या अभिमानांना थारा राहू नये म्हणून त्यांना बहुतेक नद्यांची आणि डोंगरांची नावे दिली. पुढे १९५६ मध्ये, योगायोगाने आपल्या पुनर्रचनेच्याच वर्षी, तेथे जिल्हे एकत्र करून मोठे विभाग आखले गेले. त्यात ब्रिटनी हे जुने नाव परत आले, पण ब्रिटनीच्या सरदारांचे जुने शहर नांत मात्र शेजारच्या विभागात राहिले. ते परत मिळावे ही मागणी अजून चालू आहे.

आपल्याकडे या रेषांवर पैसा आणि पाणी अवलंबून असते. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भ आणि मराठवाडा यांसाठी विकास मंडळांची तरतूद आहे. ती मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. घटनेत मराठवाड्याचे नाव आहे, पण त्यात कोणते तालुके येतात हे तिथे लिहिलेले नाही. व्यवहारात मराठवाडा म्हणजे महसुली विभाग असाच अर्थ धरला जातो. अनुशेष मोजण्यासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने जिल्हा हे माप धरले. जिल्ह्याची सरासरी काढली की त्यातला कालव्याखालचा गाव आणि माळावरचा गाव एकाच आकड्यात जातात. कंधार तालुक्यातच बारूळच्या धरणाखालची ओली शेते आहेत आणि बालाघाटाच्या डोंगरउतारावरची कोरडी शेतेही. आम्हाला वाटते की जिल्ह्यापेक्षा 'मन्याड खोरे' हे माप येथे जास्त खरे बोलेल. पण खोऱ्याला ना जिल्हाधिकारी असतो ना अर्थसंकल्प.

मुख्यालय कुठे असावे यावरून माणसे किती तापतात, हे २००९ मध्ये दिसले. मराठवाड्याचा महसुली विभाग तोडून नांदेडला दुसरे आयुक्तालय करण्याचे ठरले, तेव्हा लातुरात जोरदार विरोध झाला. दोन्ही शहरे मराठवाड्यातलीच. प्रश्न होता तो कोणाला कुठे हेलपाटे घालावे लागणार याचा.

काही प्रदेश मात्र कोणत्याच कार्यालयाने आखलेले नाहीत. लाल कंधारी ही गाईबैलांची जात घ्या. नावात कंधार असले तरी ती नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशी पसरलेली आहे. लगतच उदगीरपासून बीदरपर्यंत देवणी जातीचा मुलूख आहे आणि त्याने राज्याची सीमा केव्हाच ओलांडली आहे. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या जनावरांच्या बाजारात महाराष्ट्रातले, कर्नाटकातले आणि तेलंगणातले लोक येतात. कोण कुठून आला याची नोंद केली, तर एक नकाशा आपोआप तयार होईल.

हा नकाशा शाळेला करता येण्यासारखा आहे. मुलांनी घरच्यांना चारच प्रश्न विचारावेत : आजी कोणत्या गावाहून आली, बैल कुठल्या बाजारातून आणला, मोठ्या आजाराला कोणत्या शहरात नेतात, आणि जुन्या सातबाऱ्यावर कोणता तालुका लिहिलेला आहे. उत्तरे पातळ कागदावर उतरवून तो कागद जिल्ह्याच्या नकाशावर ठेवावा. सीमेलगतच्या शाळांनी शेजारच्या राज्याचा नकाशाही जवळ ठेवावा, कारण काही ठिपके तिकडेच पडतील.