मुंबईच्या प्लेगांतील इस्पितळें व सरकारी तयारी (इ. स. १८९६-९८)

पुण्याच्या प्लेगाविषयीं, रँडसाहेबांच्या वधामुळें, पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या मानानें मुंबईच्या इस्पितळांची हकीकत उपेक्षित राहिली. साधनें मात्र छापील आहेत. म्युनिसिपल कमिशनर स्नो व जनरल गॅटेकर यांचे अहवाल, आणि पुढील सालचा सर जेम्स कँपबेल यांच्या समितीचा. (ग्याझेटियरचे संपादक ते हेच.)

हे अहवाल वाचतांना आकड्यांपेक्षां आधीं महिने पाहावे. सप्टेंबर १८९६ त डॉ. व्हिएगस यांनीं मांडवींत ग्रंथिक सन्निपात ओळखला. मृत्यूंची परमावधि फेब्रुवारी १८९७ त झाली. साथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारीस झाला व गॅटेकर-समिती मार्चांत नेमली गेली. म्हणजे हिवाळा सरल्यावर सरकारची तयारी सुरू झाली! उन्हाळ्यांत रोग ओसरला, त्याचें श्रेय समितीस देण्याचा प्रघात पडला. परंतु उंदरांवरील पिसवांस उष्ण व कोरडी हवा मानवत नाहीं, हें १९०५ नंतरच्या संशोधनानें ठरलें आहे. दुसर्‍या हिवाळ्यांत तर मृत्यू पहिल्याहून वाढले. ऋतु पाहून सावध होणें आपल्याकडे नवें नव्हे. कार्तिकाची अखेर व मार्गशीर्षाचा आरंभ यांस शार्ङ्गधरानें यमदंष्ट्रा म्हटलेंच आहे. अर्थात् तें प्लेगास उद्देशून नाहीं, हें सांगणें नलगे.

इस्पितळांच्या नोंदींवरून रोग्यांची गणती करणें मात्र धोक्याचें. आर्थररोड इस्पितळांत (पुढें त्यासच कस्तुरबा नांव पडलें) सक्तीनें नेतात, या धास्तीनें लोक रोगी लपवीत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांनीं त्यावर हल्ला केला. ही धास्ती हुकुमांनीं गेली नाहीं. पारशी, हिंदू, जैन, खोजे इत्यादि समाजांनीं आपआपलीं इस्पितळें उघडलीं. तेथें स्वयंपाकी आपला, पाणी आपलें, उशाशीं आप्त. खाटांची व विश्वासाची, दोन्ही उणिवा तेथें कांहीं अंशीं भरून निघाल्या. याचें श्रेय, माझ्या मतें, समितीपेक्षां वर्गण्या जमविणार्‍या गृहस्थांकडे अधिक जातें.

म्हणून पोथ्या धुंडाळणार्‍या मंडळींस विनंति कीं, जुन्या पेढ्यांच्या दप्तरांत या इस्पितळांच्या वर्गणीच्या वह्या आढळल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. पहिल्या रकमेपुढील मिती पाहिली म्हणजे तयारी पावसाळ्यांतच झाली कीं रोगी दारांत आल्यावर, हें उघड होतें.