घाटवाटा आणि गावे : कर्जत-खालापूर मुलखाचे एक वाचन

कर्जत आणि खालापूर ह्या तालुक्यांचा पूर्वेतिहास शोधू पाहणारा विद्यार्थी साहजिकच प्रथम कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर उघडतो आणि निराश होतो. दोष ग्रंथाचा नाही. त्या वेळी कर्जत तालुका व त्यातील खालापूर पेटा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८९१ मध्ये तो कुलाब्यास जोडण्यात आला आणि कुलाब्याचे रायगड हे नामांतर तर १९८१ मधले. ह्या मुलखाचे वर्णन म्हणून १८८२ च्या ठाणे खंडांत पाहावे लागते, आणि येथून वर चढणाऱ्या वाटांचे दुसरे टोक पुणे जिल्ह्याच्या खंडात. एकाच वाटेचा पायथा एका ग्रंथात व माथा दुसऱ्या ग्रंथात, अशी ही विभागणी आहे. जिल्ह्याची सीमा सह्याद्रीच्या कण्यावरून उत्तर-दक्षिण जाते. येथील व्यवहार मात्र दोन हजार वर्षे तो कणा ओलांडून पूर्व-पश्चिम चालत आलेला आहे. ह्या गावांचा इतिहास सीमांच्या आधारे वाचू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. तो वाटांच्या आधारे वाचावा लागतो, आणि वाट वाचावयाची तर ती चालावी लागते.

ही पद्धती नवी नव्हे. फ्रान्सच्या ग्रामीण इतिहासावरील आपल्या १९३१ च्या ग्रंथात मार्क ब्लॉक ह्यांनी शेतांचे आकार, बांधांच्या रेषा आणि जुने भूमापन-नकाशे ह्यांवरून, म्हणजे आजच्या दृश्यावरून मागे मागे जात, मध्ययुगीन ग्रामरचना उलगडून दाखविली. तेथील मध्ययुगीन खेडी व त्यांना जोडणाऱ्या पायवाटा पुष्कळ अंशी टिकून आहेत. १९४७ पासून त्यांतील लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढऱ्या-तांबड्या खुणा रंगवून त्या पादचाऱ्यांसाठी राखण्यात आल्या. आपल्याकडे असा राखीव वारसा नाही. परंतु पायी हिंडून इतिहास जमविणारा संशोधक मात्र आपल्याकडे होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ च्या ग्रंथात बौद्ध लेणी आणि जुनी देवीस्थाने प्राचीन वाटांच्या आणि घाटमुखांच्या आश्रयाने वसलेली आहेत, असे प्रतिपादन केले. ते पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या डेक्कन क्वीनचे नित्याचे प्रवासी होते, म्हणजे प्रस्तुत मुलूख त्यांच्या खिडकीतून रोज जात असे. त्यांचे निष्कर्ष मात्र खिडकीतून काढलेले नव्हते.

कोंढाण्याची लेणी हे कोसंबींच्या उपपत्तीचे ह्या तालुक्यातील उत्तम उदाहरण होय. उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंदिवडे गावापासून वर चढणाऱ्या वाटेवर इसवी सनापूर्वीच्या काळातील हे चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भागावर एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख असून कण्हाचा अंतेवासी बलक ह्याने हे काम केले, एवढेच तो सांगतो. राजा नाही, वर्ष नाही, दानाची रक्कम नाही. गुरूचे नाव आणि शिष्याचे नाव. तीच वाट पुढे राजमाचीवर, उधेवाडीस व तेथून लोणावळ्याच्या बाजूस जाते. माथ्यावरील कार्ल्याच्या चैत्यगृहात एका स्तंभाचा दाता सोपाऱ्याचा असल्याचे कोरलेले आहे. सोपाऱ्याच्या बंदराचा मनुष्य कार्ल्यास पोहोचला तो ह्याच डोंगररांगेतील कोणत्या तरी वाटेने, हे उघड आहे.

येथे ‘घाट’ ह्या शब्दाकडे थोडे पाहिले पाहिजे. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीचा उतार, पाण्यापर्यंत जाण्याची जागा. मराठीने तो शब्द डोंगराच्या उतारास लावला आणि ‘घाट’ म्हणजे डोंगर चढण्या-उतरण्याची वाट असा अर्थ रूढ झाला. इंग्रजांनी वाटेचे हे नाव सबंध पर्वतराजीला दिले. वाटेचे नाव पर्वताला मिळावे, ह्यात ह्या पर्वताशी माणसांचा संबंध मुख्यतः कोणता होता हे आपोआप नोंदले गेले आहे.

गावांची नावेही अशीच बोलकी आहेत. कर्जत तालुक्यातील आंबिवली, खालापुरातील सावरोली ह्यांच्या अंती प्राकृत ‘पल्ली’ आहे. स्वरांमधील पकाराचा वकार होऊन ‘वल्ली’, पुढे ‘वली’ आणि क्वचित ‘ओली’ असा हा क्रम. पूर्वपदी आंबा व सावर हे वृक्ष. उंबरे, पळसदरी ही त्यांचीच भावंडे. खोपोलीत पकार टिकलेला दिसतो खरा, पण तो ‘पल्ली’चा नसून ‘खोप’ म्हणजे झोपडी ह्या पूर्वपदाचा असावा, आणि ‘खोपवली’ अशी फोड ध्वनिनियमांस अधिक मानवते. इंग्रज प्रवाशांनी व पुढे रेल्वेने ह्या गावाचे ‘कॅम्पुली’ केले, त्यावरून व्युत्पत्ती लावू जाणाऱ्याने सावध राहावे.

झाडांच्या नावांइतकीच वाहतुकीची नावे आहेत. चतुष्क, चउक्क, चौक : पनवेल, कर्जत आणि खोपोली ह्यांकडील वाटा जेथे भेटतात त्या गावाला दुसरे नाव असण्याचे कारण नव्हते. कोथळीगडाच्या कुशीत डोंगराच्या सपाटीवर वसलेल्या गावाचे नाव ‘पेठ’ आहे आणि लोक गडालाही पेठचा किल्ला म्हणतात. आज तेथे बाजारपेठ म्हणावे असे काही नाही. परंतु गडाखाली व्यापारी वसवून पेठ करण्याची जी रीत होती तिची आठवण नावाने जपली आहे. बोरघाटाच्या तळाशी, तसेच माथेरानच्या वेशीवर ‘दस्तुरी’ हे स्थलनाम आढळते. मूळ फारसी ‘दस्तूर’ म्हणजे रूढी. रूढीने घ्यावयाचा हक्क तो दस्तुरी. माथेरानला मोटारीची हद्द तेथे संपते. थांबावयाचे ठिकाण म्हणून ते नाव आजही सार्थ आहे.

राजकीय इतिहासात ह्या वाटा एकदाच ठळकपणे पुढे येतात. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाएस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान रूढ बोरघाट टाळून कुरवंड्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला. खाली अंबा नदीच्या खोऱ्यात, आजच्या चावणी गावाजवळ, उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला दोन्ही तोंडांनी कोंडले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त ह्या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे : अरण्याची दाटी, पाण्याचा अभाव, आणि अखेर रायबाघनीच्या सल्ल्यावरून खानाने पत्करलेली शरणागती. लढाईचा विचार सहसा सेनापतींच्या चातुर्यापुरता होतो. पण एवढी मोठी फौज कोणत्या वाटेने, केव्हा आणि कोठे अरुंद होऊन उतरेल हे ज्ञान त्या रानात गुरे चारणाऱ्यांचे व मोळ्या वाहणाऱ्यांचे होते. महाराजांनी ते वापरले, हे त्यांचे मोठेपण.

पेशवाईत बोरघाटाला राजधानीच्या वाटेचे महत्त्व आले. खोपोलीस नाना फडणीसांनी महादेवाचे मंदिर आणि विस्तीर्ण तलाव बांधला. उत्तरेस कुसूर घाटाच्या पायथ्याशी भिवपुरीचा बांधीव तलाव सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांच्या नावाशी जोडला जातो. दोन्ही तलाव चढणीच्या तोंडाशी आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे : मीठ घेऊन वर जाणारा आणि धान्य घेऊन खाली आलेला बैलांचा तांडा पाण्यावाचून तेथे थांबूच शकत नाही. डिसेंबर १८०९ मध्ये मारिया ग्रॅहॅम आणि १८२५ मध्ये बिशप हेबर ह्याच वाटेने वर गेले. हेबरने नानांच्या तलावाचे वर्णन केले आहे. विसाव्या शतकात वीज आली तीही ह्याच दोन पायथ्यांशी, १९१५ मध्ये खोपोलीस आणि १९२२ मध्ये भिवपुरीस. माणूस जेथे उतरत होता तेथेच पुढे पाणी नळांतून उतरविण्यात आले. त्या विजेच्या तारांचे मनोरे तोडणारे माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार १९४२ मध्ये पोलिसांना चुकवीत हिंडले ते पुन्हा ह्याच रानवाटांनी. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले.

बोरघाटाचे स्थित्यंतर सर्वश्रुत असल्याने त्याचा विस्तार नको. १८०४ मध्ये वेलस्लीने वाट तोफांजोगी केली, १८३० मध्ये माल्कमच्या कारकीर्दीत गाडीरस्ता खुला झाला, १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि त्याच वर्षी सुरू झालेले घाटाचे काम १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे १,८३० फुटांची ती चढण बांधण्यासाठी १८६१ च्या सुमारास ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. अभियंता बर्कले, ठेकेदार ट्रेडवेल व त्याच्या मृत्यूनंतर काम पुरे करणारी त्याची पत्नी ॲलिस, ही नावे ग्रंथांत आहेत. मजुरांची नाहीत.

ती उणीव लोकांनी आपल्या रीतीने भरून काढली आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली आणि साहेबाने त्याला बक्षीस देण्याऐवजी ठार केले, अशी कथा सांगतात. गाडीवाले आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. कागदपत्रांचा अभ्यासक अशा कथेला दंतकथा म्हणून बाजूस सारतो, आणि कार्ल्याच्या दात्यांना ठाऊक असलेली वाट एकोणिसाव्या शतकात कोणी ‘दाखविली’ असेल हे शब्दशः खरे मानण्याचे कारणही नाही. परंतु कथा जे भांडण मांडते ते खरे आहे. ज्ञान एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही तक्रार तिने देवळाच्या रूपाने उभी केली. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकच्या तळावरून चढून माथेरानवर गेले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. त्या पठारावर धनगर, ठाकर, कातकरी पूर्वीपासून ये-जा करीत होते. तक्रार तीच आहे, फक्त तेथे देऊळ झाले नाही.

ह्या लोकांच्या वस्त्या गावांत नसून ‘वाडी’त असतात. संस्कृत ‘वाटिके’पासून आलेला हा शब्द मूळचा कुंपणातील बागेचा, येथे तो डोंगरउतारावरील दहापाच घरांचा वाचक झाला. महसुली दप्तर गावाचे असते, वाडी त्याच्या शेपटास. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळील इर्शाळवाडी ह्या ठाकरांच्या वस्तीवर इर्शाळगडाचा कडा कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. बेपत्ता राहिलेल्या ५७ जणांनाही पुढे मृत मानण्यात आले. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतीस गेलेल्यांना पावसात निसरड्या पायवाटेनेच चढावे लागले. राज्यातील सर्वांत गर्दीच्या महामार्गाजवळ, सह्याद्रीच्या प्राचीन रहदारीच्या मुखाशी असलेल्या त्या वस्तीचे जगाशी नाते एका पायवाटेचेच राहिले होते.

ठाकरी आणि काथोडी ह्या बोलींची दखल ग्रीअर्सनच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडाने १९०५ मध्येच घेतली. परंतु ह्या बोलींतील वाटांचा शब्दसंग्रह, म्हणजे चढाचे टप्पे, ओझे टेकण्याचे धोंडे, पावसाळ्यात वर्ज्य असणारे ओढे, देवीच्या जागा ह्यांची नावे, स्वतंत्रपणे जमविणे आवश्यक आहे. खांडसहून भीमाशंकरास जाणाऱ्या शिडीघाट व गणेशघाट ह्या वाटा यात्रेकरूंमुळे चालू आहेत, तेथे हे काम पायी हिंडून होऊ शकेल. इर्शाळगडाच्या वाटेवरील नावे मात्र चौक परिसरातील नव्या वसाहतीत, बचावलेल्या वृद्धांच्या तोंडून, घरी बसूनच लिहून घ्यावी लागतील.