परकीय नागरिकांची घरखरेदी : निर्बंध आणि नागपूर

भारताबाहेर राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीय नागरिकाला भारतात घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यावर मात्र घेता येते. 1999 चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) आणि त्याखालील 2019 चे नियम हा या निर्बंधाचा आधार. अनिवासी भारतीय व ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकांना सदनिका घेण्याची मुभा आहे, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस घेता येत नाही.

नागपुरात या नियमांचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग जरीपटक्यात दिसतो. फाळणीनंतर वसलेल्या या सिंधी वस्तीत पुढेही पाकिस्तानातून हिंदू कुटुंबे येत राहिली. नागरिकत्व मिळेपर्यंत ती दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. एरवी पाकिस्तानी नागरिकाला घर घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. 2018 पासून मात्र पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्हिसाधारकांना राहण्यासाठी एक घर आणि स्वयंरोजगारासाठी एक जागा घेता येते.

अटी कडक आहेत. मालमत्ता छावणी क्षेत्रात नसावी, म्हणजे कामठी छावणीत घर नाही. पैशाचा स्रोत महसूल अधिकाऱ्यांना कळवावा लागतो. नागरिकत्वाआधी घर विकायचे तर परदेशी नोंदणी अधिकारी किंवा पोलीस उपायुक्तांची परवानगी हवी. आजारपणात घर विकून पैसा उभा करू पाहणाऱ्या कुटुंबाला ही अट फार जड जाते.

परकीयांच्या घरखरेदीवर निर्बंध भारताबाहेरही घातले गेले आहेत. उदाहरणार्थ, कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून परकीयांच्या घरखरेदीवर बंदी घातली, ती घरांच्या वाढत्या किमतींमुळे.